सातारा : गडाखालचे शहर आणि कासचा फुलोरा



भाद्रपद लागला की सातारा शहराच्या पश्चिमेस यवतेश्वराच्या घाटात वाहनांची रांग सुरू होते. पुण्या-मुंबईहून आलेली ही मंडळी शहरात फारशी थांबत नाहीत. पोवई नाक्यावर चहा घ्यायचा, राजवाड्याजवळ कंदी पेढ्यांचा पुडा बांधून घ्यायचा आणि थेट कासच्या पठारावर जाऊन फुलांची छायाचित्रे काढायची, असा बहुतेकांचा क्रम असतो. सायंकाळी ती परत फिरतात. एका ऐतिहासिक राजधानीतून जाऊन आल्याची जाणीव त्यांतील किती जणांना होत असेल, याविषयी शंकाच आहे. पठाराचे भले आणि शहराचे भले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असा समज या धावत्या भेटीमुळे रूढ होत चालला असून तो दूर होणे आवश्यक आहे.

सातारा ही मराठ्यांची राजधानी होती. अजिंक्यताऱ्याचा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने १२व्या शतकाच्या अखेरीस बांधला असे मानले जाते. १६७३ साली तो शिवछत्रपतींच्या ताब्यात आला. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने स्वतः येऊन त्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो सुमारे चार महिने लढविला. तटाखाली पेरलेला सुरुंग उलटून मोगलांचीच माणसे मोठ्या संख्येने मारली गेल्याची हकीगत या वेढ्यातलीच आहे. १७०० च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला व त्याला आझमतारा असे नाव मिळाले. पुढे मराठ्यांनी तो परत घेतला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांनी साताऱ्यात राज्याभिषेक करवून घेतला आणि गडाच्या पायथ्याशी शहर वसू लागले. मंगळवार, शनिवार, यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, रामाचा गोट ही पेठांची नावे आजही त्या वसाहतीची साक्ष देतात.

डोंगराच्या उतारावर वसलेल्या शहरापुढे पहिला प्रश्न पाण्याचा असतो. साताऱ्याने तो कसा सोडविला हे पाहणे कोणत्याही बुरुजाइतकेच बोधप्रद आहे. यवतेश्वराच्या डोंगराच्या कुशीत महादरे येथे छत्रपतींच्या काळात तळे बांधले गेले आणि तेथील पाणी शहरात खेळविण्यात आले. मंगळवार तळे, मोती तळे, फुटके तळे ही नावे त्याच व्यवस्थेची आठवण देतात. आज या तळ्यांकडे गणेशविसर्जनाच्या वेळीच काय ते लक्ष जाते! महादऱ्याचा परिसर मात्र फुलपाखरांच्या विविधतेमुळे अलीकडे संवर्धन राखीव म्हणून घोषित झाला, ही समाधानाची गोष्ट होय. जुनी जलव्यवस्था आणि तिच्याभोवतीचे रान यांना एकाच वेळी संरक्षण मिळण्याचे असे उदाहरण विरळाच.

याच काळातील जलवास्तूचा सर्वांत देखणा नमुना शहरापासून थोड्या अंतरावर, लिंब गावाच्या शिवारात आहे. तेथील बारा मोटेची विहीर शाहू महाराजांच्या परिवारातील वीरूबाई यांनी बांधविली. विहिरीवरील शिलालेखात शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, असा काळ दिलेला आहे. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली दुसरी विहीर आणि दोहोंच्या मधोमध चक्क एक छोटासा महाल अशी ही रचना आहे. पायऱ्या उतरून आत गेले की उन्हाळ्याच्या दुपारीही गारवा जाणवतो. पाणी उपसण्याच्या सोयीत बसण्या-उठण्याची शोभा मिसळण्याची ही कल्पना ज्या गवंड्यांना सुचली, त्यांची नावे कोठे नोंदलेली नसली तरी काम समोर उभे आहे. शेतीचे पाणी आणि स्थापत्य यांचा संबंध विद्यार्थ्यांना समजावून देण्यास याहून चांगले ठिकाण सातारा जिल्ह्यात शोधावे लागेल.

शहराच्या पूर्वेस कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. नदीच्या दोन तीरांवर संगम माहुली व क्षेत्र माहुली अशी दोन गावे असून विश्वेश्वर, रामेश्वर इत्यादी १८व्या शतकातील देवालये आणि घाट तेथे आहेत. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे यांचे हे गाव. थोरल्या शाहू महाराजांची समाधी या संगमावर आहे. तिच्याजवळच त्यांच्या आवडत्या खंड्या कुत्र्याचे स्मारक दाखविले जाते. मोगलांच्या कैदेत अनेक वर्षे काढून १७१९ साली साताऱ्यास परतलेल्या महाराणी येसूबाई आणि १७६१ साली निवर्तलेल्या महाराणी ताराबाई यांच्याही समाध्या याच परिसरात आहेत. या दोन स्त्रियांनी मराठी राज्यासाठी काय सोसले व काय केले हे शाळेच्या पुस्तकात मुलांना शिकविले जाते. त्यांच्या समाध्या मात्र दीर्घकाळ नदीच्या गाळात आणि झाडोऱ्यात दुर्लक्षित पडून राहिल्या. कासच्या मार्गावर दर रविवारी जी गर्दी उसळते, तिचा दहावा हिस्सा जरी माहुलीकडे वळला असता तरी हे दुर्लक्ष इतका काळ टिकते ना.

शहराच्या मध्यवस्तीतील राजवाडा एका वेगळ्याच कारणासाठी पाहण्यासारखा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी येथील सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव दाखल झाले. पटावरील अनुक्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. छत्रपतींच्या वास्तूत भरणाऱ्या शाळेत भारतीय संविधानाच्या शिल्पकाराने पहिले इंग्रजी धडे गिरविले, हे साताऱ्याच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण योगायोगांपैकी एक मानावे लागेल. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेचे कार्य या शहरात आणले, तेव्हा त्याच परंपरेला नवे वळण मिळाले.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या चार भिंतींना अवश्य भेट द्यावी. १८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस पाठविले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते अनेक वर्षे लंडनमध्ये खटपट करीत राहिले. तिला यश आले नाही आणि १८४८ साली डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. १८५७ च्या उठावात साताऱ्यातील १७ जणांना सप्टेंबर महिन्यात गेंडामाळावर देहान्त शासन देण्यात आले. कोणी फासावर गेले, कोणी तोफेच्या तोंडी. चार भिंतींतील स्तंभ त्यांचे स्मारक आहे. तेथून सारे शहर नजरेच्या टप्प्यात येते. बसस्थानकाजवळील शिवाजी महाराज संग्रहालयात २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाकडून मुदतीने आलेली वाघनखे मांडण्यात आली, तेव्हा तेथे अपूर्व गर्दी लोटली होती. एका वस्तूसाठी लोक येऊ शकतात, हे त्या वेळी दिसले. तसे ते एरवीही यावेत यासाठी मार्गदर्शक फलक, माहितीपुस्तिका आणि प्रशिक्षित वाटाडे यांची जोड आवश्यक आहे.

आता कासकडे वळू. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर हे पठार आहे. यावर ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश झाला आणि पर्यटकांचा ओघ झपाट्याने वाढला.

हे सारे वैभव कशावर उभे आहे, ते पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. वर जांभ्या दगडाचा सडा, त्यावर कोठे बोटभर तर कोठे त्याहूनही कमी माती. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही, म्हणून येथे चिमुकल्या वनस्पतींचे राज्य. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चार महिन्यांत त्यांना उगवायचे, फुलायचे आणि बी टाकायचे असते. प्रथम हबेआमरी व चवर दिसू लागतात. श्रावण-भाद्रपदात पांढरे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवे, गुलाबी तेरडा, पिवळा कवला, म्हणजेच पर्यटक ज्याला हौसेने मिकी माउस म्हणतात ते फूल, आणि सोनकी असे रंग एकामागून एक पसरतात. मातीत नत्राचा अंश इतका थोडा की सीतेची आसवे व दवबिंदू यांसारख्या वनस्पती कीटक पकडून आपली उणीव भरून काढतात. साताऱ्याचेच नाव शास्त्रीय नावात धारण करणारा वायतुरा १९८२ साली शास्त्रज्ञांनी नवी जाती म्हणून नोंदविला. पठारावरील कुमुदिनी तळ्यात पांढऱ्या फुलांचा थर पाण्यावर तरंगत असतो. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच सामूहिकपणे फुलते. ती फुलली की जाणकारांची रीघ लागते.

अशा भूमीवर पाऊल पडले म्हणजे काय होते, हे सांगण्यास वनस्पतिशास्त्राच्या पदवीची गरज नाही. फुलांच्या ताटव्यात बसून छायाचित्र काढणारा एक मनुष्य त्या वर्षीचे बी तयार होण्यापूर्वीच रोपे चिरडतो. बोटभर मातीही दबली की पुढल्या वर्षी तेथे खडकच वर येतो. या कारणास्तव वनविभाग आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी इत्यादी गावांच्या संयुक्त समितीने हंगामात प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी, दैनंदिन पर्यटकसंख्येवर मर्यादा आणि ठरावीक पाऊलवाटा अशी व्यवस्था बसविली. शुल्काच्या रकमेतून गावातील तरुणांना हंगामी काम मिळते व पठाराची राखण होते. डोंगरावरील गावांतून रोजगारासाठी मुंबईची वाट धरण्याची रीत जुनी आहे. तेथे स्वतःच्या शिवाराची राखण करून चार पैसे मिळावेत, ही लहान गोष्ट नव्हे.

व्यवस्था निर्दोष आहे असे मात्र नाही. मध्यंतरी पठारास कुंपण घालण्यात आले, तेव्हा गुरांची चराई थांबली. माणसांचा उपद्रव कमी झाला खरा. परंतु पूर्वी गुरे उंच गवत खात असल्यामुळे लहान वनस्पतींना ऊन मिळत असे, ते बंद झाले आणि काही फुले मागे हटली, असा आक्षेप अभ्यासकांनी व ग्रामस्थांनी घेतला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चराई हीदेखील त्या पठाराच्या घडणीचा भाग असू शकते, हा विचार नियम करणाऱ्यांनी गांभीर्याने घेण्याजोगा आहे. गुराख्याला जे ठाऊक असते ते नकाशात नेहमीच सापडते असे नाही.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. पठारालगतचा कासचा तलाव इंग्रजी अमदानीत, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, सातारा शहरास पाणी पुरविण्यासाठी बांधण्यात आला. तेथील पाणी कोणत्याही पंपावाचून केवळ उताराने शहरापर्यंत येते. डोंगरकड्याने काढलेला पाट ही त्या काळच्या अभियंत्यांची आणि मजुरांची कसोटीच होती. अलीकडील वर्षांत धरणाची उंची वाढवून साठाही मोठ्या प्रमाणात वाढविण्यात आला. म्हणजे ज्या डोंगरमाथ्यावर फुले फुलतात, त्याच्याच आधाराने शहरातील नळाला पाणी येते. असे असता यवतेश्वरपासून कासपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा उपाहारगृहे व निवासस्थाने वाढत गेली. त्यांचे सांडपाणी कोठे मुरते, कचरा कोठे जातो, डोंगर फोडून केलेल्या सपाटीवरची माती पावसात कोठे वाहून जाते, हे प्रश्न ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत विचारले जाणे अत्यावश्यक आहे. बांधकामाचा दाखला देताना जागेच्या उताऱ्याबरोबर त्या जागेचा उतारही पाहावा. तलावाच्या पाणलोटात येणारी जमीन कोणती, याचा नकाशा प्रत्येक ग्रामपंचायत कार्यालयाच्या भिंतीवर लावणे कठीण नाही.

सहलींचे वेळापत्रक आखणाऱ्या शिक्षकांच्या हाती यातील पुष्कळसे आहे. सप्टेंबरमधील रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर, पन्नासाहून अधिक मुले एका वेळी पाऊलवाटेवर जाणार नाहीत अशा बेताने कासची सहल काढावी. वाहनतळापासून पुढे पायी न्यावे आणि फुले तोडायची नाहीत हे तेथे पोहोचण्यापूर्वीच सांगावे. परतीच्या वाटेवर तलाव दाखवावा, खाली महादऱ्याला थांबावे, आणि मगच मुलांना राजवाड्यातील शाळेकडे न्यावे. पावसाळ्यात ठोसेघरचा धबधबा दुथडी असतो. त्याच रस्त्यावर सज्जनगड लागतो, तेथे माघातील दासनवमीस समर्थांच्या पुण्यतिथीचा उत्सव असतो. ऑक्टोबर उलटला की कासवर वाळलेले गवत उरते, फुलांचे बी मातीत गेलेले असते, आणि समितीचे तरुण तिकिटांची खिडकी बंद करतात. हिवाळ्यात बामणोलीहून शिवसागर जलाशयातील नौका सुरू असतात. देगावजवळचा पाटेश्वर, तेथील नाना आकारांची असंख्य शिवलिंगे, लिंबची विहीर आणि माहुलीचे घाट यांना मोसमाचे बंधन नाही. वैशाखातही तेथे जाता येते, आणि त्या दिवसांत सातारच्या खानावळीत जागा मिळण्यासाठी ताटकळावे लागत नाही.