अंग चोरायला शिकवलं, सोडायला नाही

(महिला आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



सकाळी आपण घरातल्या मारहाणीवर बोललो आणि आता मालिशवर बोलायचं म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हसा. चळवळीत हा विषय चैनीचा वाटतो. पण मला बोलायचंय ते मालिश करून घेतानाही ज्यांचं अंग सैल सुटत नाही त्यांच्याबद्दल. आपल्यात अशा पुष्कळ आहेत. मीही त्यांतलीच.

आपल्याकडे बाईच्या अंगाला दुसऱ्याच्या हातानं तेल लागतं कधी? बाळंतपणात. सव्वा महिना बाई येते, चोळते, कढत पाण्यानं न्हाऊ घालते, शेक-धुरी देते. तेही ज्यांना परवडतं त्यांना. रोजावर जाणारी त्याआधीच कामाला लागते. मग दिवाळी. नरक चतुर्दशीला पहाटे उठून ती पोरांना, नवऱ्याला तेल-उटणं लावते, पाणी काढून देते. तिच्या पाठीला तेल कोण लावतं?

आपली भाषाच बघा. मुलीला सांगतात, अंग चोरून बस. एसटीत, चारचौघांत, सासऱ्यासमोर. ती अंग चोरून बसली की वळणाची. तीच दुपारी घटकाभर आडवी झाली की अंगचोर! म्हणजे अंग चोरायचं, पण कामात चोरायचं नाही. वीस-तीस वर्षं खांदे आत ओढून वावरलेल्या बाईला एक दिवस चटईवर झोपवून कुणी म्हणतं, ‘अंग सैल सोड की गं!’

कशी सोडणार? पाठीला हात लागला की खांदे कानाशी जातात, दात आवळले जातात, श्वास अडकतो. मालिशवाल्या बाईला हे लगेच कळतं. ती हात उचलून सोडते आणि हात खाली पडतच नाही, तिथंच अधांतरी राहतो, कारण आपणच तो धरून ठेवलेला असतो. डोक्यात दूध, पोरांची शाळा, हिला पैसे किती द्यायचे. हा काही स्वभावदोष नाही. धोक्याची चाहूल असली की मज्जासंस्था स्नायू ताठ ठेवते, पहारा देते. पहारेकऱ्याला ‘झोप’ म्हणून दरडावलं तर तो जास्तच जागा होतो.

ज्यांच्यावर अत्याचार झालाय त्यांच्यासाठी हे आणखी अवघड. पालथं झोपायचं, मागे काय चाललंय ते दिसत नाही, अंगावर दुसऱ्याचं वजन. अशा वेळी कधीकधी शरीर ताठत नाही, उलट एकदम निपचित पडतं. बघणारीला वाटतं, सुटलं हो अंग. ते सुटलेलं नसतं, गोठलेलं असतं. हा फरक ओळखायला न्यायालयांनाही किती वेळ लागला! मथुरा खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत यावरून संमती होती असा अर्थ काढला. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं, 1983 साली कायदा बदलला. पण शरीरानं विरोध केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही, हे कायद्यात स्पष्ट यायला 2013 साल उजाडलं. मग चटईवर तरी आपण एकमेकींची गप्प राहणी म्हणजे होकार का समजावी?

म्हणून आपली पद्धत अशी. कपडे काढायची सक्ती नाही. आडवं व्हायचीही नाही. पाटावर बसून, तोंड दाराकडे करून मालिश होतं. डोळे उघडे ठेवा, बोलत राहा, चालतं. सुरुवात तळहातापासून. पाठीवर, मानेवर जायच्या आधी विचारायचं. ‘थांब’ म्हटलं की हात उचलायचा, कारण विचारायचं नाही. पोटाला, मांडीला नको म्हटलं तर नको.

आणि सैल सोड असं म्हणायचंच नाही. त्याऐवजी म्हणा, मूठ घट्ट आवळ. पाच मोजेपर्यंत आवळ, मग सोड. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं स्नायू आवळून सोडायच्या या रीतीवर 1929 साली पुस्तकच लिहिलं. ताण कुठे आहे हे आधी कळलं की सोडायचं काय ते कळतं. श्वास सोडताना लांबवायचा. नाहीच सुटलं अंग, तर नाही. तेल तरी जिरलं! एकच सांगते: एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, पोटरी दुखतेय, तर तो चोळायचा नाही, दवाखाना गाठायचा. बाळंतिणीच्या बाबतीत तर नक्कीच. आत रक्ताची गाठ असू शकते.

आणि जिचे हात हे काम करतात तिच्याविषयी. बाळंतिणीला चोळणाऱ्या बाईला आपण एक साडी, थोडे तांदूळ देऊन वाटेला लावत आलो. सुईणपण आणि हे काम बहुतेक कुठल्या जातींच्या बायकांकडे राहिलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिची कंबर, तिचे अंगठे दुखतात. तिला कोण चोळतं? आज आपण बोलावलेल्या दोघींचा रोज आधी ठरवलाय, आणि शेवटची पाळी त्यांची आहे. त्या बसतील, आपण लावू.

चला, चटया अंथरा. तेल तिळाचं आहे, कोमट केलंय. ज्यांना नुसतं बसून बघायचंय त्यांनी बसावं. दार उघडं ठेवायचं की लावायचं, ते आधी सगळ्या मिळून ठरवू.