डावा हात

(चाकण येथील कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



विषय 'डावे-उजवे' असल्याने पक्षांच्या भांडणाची अपेक्षा कोणी केली असेल, तर त्याची निराशा होणार आहे. मी हातांविषयी बोलणार आहे.

मी स्वतः डावरा. पाटीवर डाव्या हाताने 'श्री' काढला म्हणून मास्तरांनी बोटांवर छडी मारली. तेव्हापासून मी उजव्या हाताने, आणि वाईट अक्षरात, लिहितो. आपल्या भाषेत 'डावलणे' हे क्रियापदच डाव्यावरून आले आहे!

दहांत सुमारे एक माणूस डावरा असतो. हे रक्तातूनच येते काय? पूर्वी एकाच जनुकावर सारा भार टाकणारे सिद्धान्त मांडले गेले. २०२० साली सतरा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून झालेल्या संशोधनात डावरेपणाशी निगडित ४१ जनुकीय जागा आढळल्या. प्रत्येकीचा प्रभाव अत्यल्प. त्यांतील काहींचा संबंध पेशीचा सांगाडा घडविणाऱ्या सूक्ष्म नलिकांशी आहे. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार आनुवंशिकतेचा वाटा एक चतुर्थांशाच्या आसपास भरतो. एकाच बीजाच्या जुळ्यांतही एक डावरा, दुसरा उजवा असे पुष्कळदा घडते. गर्भात मेंदू घडताना निव्वळ योगायोगही बरेच काही ठरवितो. शिवाय हात म्हणजे एकच गुण नव्हे: सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, खेळला उजव्या.

आता मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा. इंग्लंड-अमेरिकेत १९०० च्या सुमारास जन्मलेल्यांत डावरे जेमतेम ३ टक्के नोंदले गेले. शतकाच्या मध्यानंतर जन्मलेल्यांत १० टक्क्यांच्या वर. दोन पिढ्यांत जनुके बदलत नसतात. बदलली ती छडी. म्हणून 'अमक्या जातीचे लोक जन्मतःच असे' हे ऐकताच मी प्रथम छडी कोणाच्या हाती आहे ते पाहतो.

आणि कारखान्यात? पत्रा कापायची नेहमीची कात्री डाव्या हाती घेऊन पाहा. कापायची रेघ पात्याआड जाते, आणि हाताच्या दाबाने पाती एकमेकांपासून फाकतात. मुकादम म्हणतो, माणूस अडाणी आहे. डाव्या हाताच्या कात्र्या बाजारात मिळतात. शंभरांच्या खात्यात असे दहाएक जण असावेत. पुढच्या मागणीपत्रात त्यांच्या अवजारांसाठी एक कलम घाला, आणि आधी त्यांनाच विचारा, कोणत्या यंत्रावर हात अवघडतो.