लेकीची इंग्रजीची परीक्षा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर मी या मंडळात सतरंज्या घातल्या, चहा केला, हळदीकुंकवाची तबके फिरविली. पण या टेबलामागे उभे राहण्याची पाळी आज पहिल्यांदाच आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या वेळी पाचवीला ए बी सी डी सुरू होई आणि माझी शाळा सातवीला सुटली, म्हणजे इंग्रजीशी माझी ओळख अवघी तीन वर्षांची. अशा बाईने इंग्रजीच्या परीक्षेवर बोलावे याचे पुष्कळजणींना हसू आले असेल. मलाही आले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही लेकीकडून तयारी करून घेतलीत ना? मग जे केले तेच सांगा." म्हणून सांगते. चुकले माकले तर पदरात घ्यावे.

माझी लेक नर्स आहे. शिक्षण पुरे झाल्यावर दोन वर्षे तिने मिरजेला नोकरी केली. मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी तिथे मिशनचे रुग्णालय काढले, तेव्हापासून लांबलांबचे रोगी तिथे येत आले आहेत. लेकीच्या पुढच्या तुकडीतल्या दोघी मुली इंग्लंडला गेल्या, तशी हिच्याही मनाने घेतले. पण तिकडे नर्स म्हणून नाव नोंदवायचे तर बाहेरच्या मुलींना बहुधा आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिने जी दिली तिला आयेल्ट्स म्हणतात. १९८९ सालापासून ही परीक्षा चालू आहे.

या परीक्षेचे चार भाग असतात: ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे. ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच लावतात, पुन्हा म्हणून नाही. चाळीस प्रश्न सोडवायचे आणि स्पेलिंग चुकले की गुण गेला. वाचण्याला एक तास आणि चाळीसच प्रश्न. लिहिण्याला एक तास. त्यात पहिल्यांदा एखादा आलेख पाहून त्याचे निदान दीडशे शब्दांत वर्णन करायचे आणि मग एका प्रश्नावर निदान अडीचशे शब्दांचा निबंध लिहायचा. बोलण्याच्या भागात समोर परीक्षक बसतो आणि अकरा ते चौदा मिनिटे बोलावे लागते. यात पास नापास असे काही नाही. शून्यापासून नऊपर्यंत गुण देतात, अर्ध्या अर्ध्याने चढणारे. नर्ससाठी मात्र इंग्लंडच्या नोंदणी मंडळाने अट घातली आहे: ऐकणे, वाचणे, बोलणे या तिन्हींत सात सात, लिहिण्यात साडेसहा आणि सरासरीही सात.

या परीक्षेची फी तेव्हा सतरा-अठरा हजार रुपयांच्या घरात होती. पहिल्या वेळची फी लेकीने पगारातून साठवून भरली. शिकवणीचा एक वर्गही लावला. त्या वर्गाचे नाव मी घेत नाही, पण तिथे वीस निबंध छापून हाती दिले आणि "हे पाठ करा, यातलाच एक येईल" असे सांगितले. पोर रात्री दीड-दोनपर्यंत घोकीत बसे. मला वाटे, केवढा हा अभ्यास!

पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली. निकाल लागला तो असा: ऐकण्यात साडेसात, वाचण्यात सात, बोलण्यात साडेसहा, लिहिण्यात सहा. सरासरी सात भरली होती. पण अट वेगवेगळी होती ना. बोलणे अर्ध्याने गेले, लिहिणे अर्ध्याने गेले आणि फीचे पैसेही गेले. घरात जो तो बोलू लागला. कोणी म्हणाले, मराठी शाळेत घातली तिथेच चुकले. कोणी म्हणाले, इथली नोकरी काय वाईट आहे? पोरगी मागच्या पायरीवर जाऊन बसली ती जेवायलाही उठेना.

भगिनींनो, आता माझी चूक सांगते. परीक्षेच्या आधी महिनाभर ती आरशासमोर उभी राहून इंग्रजी बोलण्याचा सराव करीत असे. एके दिवशी घरात पाहुणे होते आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आल्या हो मडमबाई!" सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून तिचे मोठ्याने बोलणे बंद झाले, ते परीक्षेपर्यंत. बोलण्यात जो अर्धा गुण गेला, तो कोणी घालविला हे मला निकालाच्या दिवशी कळले.

अशा वेळी मला रमाबाई रानड्यांची आठवण झाली. त्या आपल्याच भागातल्या. १८६२ साली देवराष्ट्र्याला कुर्लेकरांच्या घरी जन्मल्या. तेव्हा देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात होते. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी त्यांना आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकविले. हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना खपले नाही. त्यांनी रमाबाईंना किती टोचून बोलून घेतले, ते रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. आपण ते वाचतो आणि त्या बायकांना नावे ठेवतो. आणि दीडशे वर्षांनी मी काय केले? तेच केले. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले, सावित्रीबाई फुल्यांच्या नायगावापासून फार लांब नाही. त्या माउलीने १८५४ सालच्या आपल्या कवितासंग्रहात इंग्रजी शिका म्हणून सांगितले होते. दर तीन जानेवारीला हार घालायचा आणि घरातल्या लेकीला मडमबाई म्हणून हसायचे, हे काही खरे नव्हे.

त्या रात्री मी तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसले. म्हटले, "काय विचारले होते गं तुला?"

ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांनी मुलांजवळ राहावे की वेगळे राहावे, तुमचे मत काय, असे विचारले."

"मग तू काय सांगितलेस?"

"काय सांगू आई? पाठ केलेले आठवेना आणि माझे स्वतःचे मत काय तेच मला कळेना."

म्हटले, "इंग्रजी राहू दे. मला मराठीत सांग." तर भगिनींनो, मराठीतही दोन वाक्यांच्या पुढे गाडी सरकेना. मग हळूच म्हणाली, "मला कोणी कधी विचारलेच नाही गं."

माझ्या काळजात चर्र झाले. खरेच होते ते. कोणत्या कॉलेजात जायचे ते तिच्या वडिलांनी ठरविले. नोकरी कुठे धरायची ते काकांनी ठरविले. खिडकीच्या पडद्याचा रंगसुद्धा मी ठरविला. मोठी माणसे बोलत असताना मुलींनी मध्ये तोंड घालू नये, हे तर मीच तिला शिकविले होते. आणि ही परीक्षा निबंधात विचारते तुमचे मत काय, बोलताना विचारते तुम्हाला असे का वाटते. तिचे इंग्रजी कच्चे होते, नाही असे नाही. पण त्याहून कच्चे होते ते स्वतःचे मत. ते कोणत्या वर्गात शिकविणार?

तेव्हापासून आम्ही घरीच नेम धरला. रात्रीची जेवणे झाली की नऊ ते दहा टीव्ही बंद. रोज एक प्रश्न घ्यायचा आणि आधी मराठीत बोलायचे. तुझे मत काय? त्याला कारण काय? आणखी एक कारण सांग. आपल्या गल्लीतले उदाहरण दे. उलट बाजूचा माणूस काय म्हणेल? हे सगळे सांगून झाले की मग तेच इंग्रजीत. मला इंग्रजी कळत नव्हते, पण ती कुठे अडखळते ते कान देऊन ऐकले की कळे. एका ताटलीत चिंचोके घेऊन मी बसे. ती मध्येच "अं अं" करून थांबली की एक चिंचोका वाटीत टाकायचा. पहिल्या रात्री एकोणीस पडले. महिन्याने चार-पाचवर आले. परीक्षेत एक कागद देतात, एक मिनिट विचार करायला मिळतो आणि एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. ते मी घड्याळ लावून करून घेई. उच्चार साहेबासारखा काढायची गरज नाही, समजेल असा स्वच्छ हवा, हे लेकीने चौकशी करून मला सांगितले, तेव्हा माझ्याही मनावरचे ओझे उतरले.

लिहिण्याचेही तसेच. परीक्षक पाठ केलेला निबंध ओळखतात आणि त्याला किंमत देत नाहीत. विचारले त्यालाच उत्तर दिले आहे का, मांडणी सरळ आहे का, शब्द नेमके आहेत का, व्याकरण बरोबर आहे का, या चार गोष्टी पाहतात. आलेखाच्या सरावासाठी आम्ही सांगलीच्या बाजारातले हळदीचे भाव वर्तमानपत्रातून उतरून घेत होतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघ ओढायची आणि भाव कधी चढला, कधी उतरला, कधी जागच्या जागी राहिला ते तिने लिहायचे. आलेखाला वीस मिनिटे, निबंधाला चाळीस. निबंधाला गुणांचे वजन दुप्पट असते, म्हणून त्याचा वेळ आलेखात घालवायचा नाही.

एका रात्रीची गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रश्न निघाला, मुलींनी नोकरीसाठी परदेशी जावे की नाही. सासूबाई खाटेवर पडून ऐकत होत्या. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मुळीच जाऊ नये. आईबापांना म्हातारपणी पाणी कोणी द्यायचे?" सगळे गप्प झाले. आमच्या घरात सासूबाईंना उलट उत्तर देण्याची रीत नाही. लेकीने माझ्याकडे पाहिले. मी चिंचोके चाळवीत राहिले, काही बोलले नाही. मग ती म्हणाली, "आजी, दादा पुण्याला गेला तेव्हा हे त्याला कोणी विचारले नाही. मला विचारता, कारण पाणी मीच देणार हे तुम्हाला ठाऊक आहे. मी तिथूनही देईन. आणि नाही गेले तर मनात कायम कुढत राहीन, ते पाणी तुम्हाला गोड लागेल का?" सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, हिचा एकही चिंचोका पडला नाही."

दुसऱ्या वेळची फी मी भरली, या मंडळातल्या भिशीचा माझा नंबर लागला होता त्या पैशांतून. म्हणजे आपणा सगळ्याजणींचा हात तिच्या पाठीवर आहे. निकाल आला तो असा: ऐकण्यात आठ, वाचण्यात सात, बोलण्यात साडेसात आणि लिहिण्यात साडेसहा. अट पुरी झाली. आता नर्सिंगच्या ज्ञानाची संगणकावरची परीक्षा द्यायची आहे आणि तिकडे गेल्यावर प्रत्यक्ष कामाची आणखी एक. ती जाईल तेव्हा घर ओके होईल, हे मला दिसते आहे. सासूबाई तर आतापासूनच डोळे पुसतात. पण "जा" हे आम्ही तिला विचारून, ऐकून, मग म्हटले आहे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. या परीक्षेचा निकाल नोंदणीसाठी दोनच वर्षे चालतो. तेव्हा बाकीची कागदपत्रे लांबणीवर टाकू नयेत. आणि "पैसे द्या, गुण मिळवून देतो" असे म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच वाटेला लावावे. निकाल खरा की खोटा हे तिकडची मंडळी स्वतः पडताळून पाहतात.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपली ही खोली बुधवारी संध्याकाळी रिकामी असते. गल्लीतल्या मुलींना तेव्हा इथे बसू द्यावे. एकीने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. आधी मराठीत, मग इंग्रजीत. कोणी कोणाला हसायचे नाही, एवढा एकच नियम. परीक्षा देणारी असो वा नसो, तिला तिचे मत विचारणारे कोणीतरी असावे. इंग्रजी शिकविणे मला जमणार नाही, पण घड्याळ घेऊन बसेन. आणि चिंचोके माझ्याकडे आहेतच.