परभाषेच्या घरी सहा महिने
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या शिक्षणनिधीतून कर्ज घेऊन आम्ही २०२३ सालच्या जानेवारीत स्पेन देशातील सालामांका या शहरी स्पॅनिश भाषेच्या अभ्यासासाठी गेलो आणि जूनअखेर परतलो. यापुढे हा निधी केवळ अभियांत्रिकी व वैद्यक यांच्या विद्यार्थ्यांसाठीच राखावा, अशी सूचना यंदाच्या सभेपुढे आलेली आहे. तिचा निर्णय आपण विचारपूर्वक करालच. परंतु ज्यांच्या पैशावर आम्ही शिकलो, त्यांच्यापुढे त्या पैशाचा हिशेब ठेवणे हे आमचे कर्तव्य होय, आणि म्हणूनच चिटणीसांनी बोलावताच आम्ही येथे उभे राहिलो आहोत.

आम्ही निघालो तेव्हा दोन शंका ऐकू आल्या होत्या. भाषा शिकून पोट भरते काय, ही पहिली. दुसरी शंका घरातील वृद्ध स्त्रियांची होती. परधर्मीयांच्या घरी सहा महिने जेवूनखाऊन आलेले मूल आपले राहील काय, असे त्या विचारीत. दोन्ही शंका प्रेमापोटीच निघाल्या होत्या, आणि दोहोंना उत्तर देणे आम्ही लागतो.

प्रथम त्या गावाविषयी थोडेसे. सालामांका माद्रिदच्या वायव्येस सुमारे दोनशे किलोमीटरांवर, तोर्मेस नदीच्या काठी वसले आहे. तेथील विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वर महाराजांच्या जन्माच्याही आधी. जुन्या इमारती सोनेरी झाक असलेल्या दगडाच्या असून मावळतीच्या उन्हात सारे गाव हळदीने माखल्यासारखे दिसते. स्पॅनिश भाषेचे पहिले छापील व्याकरण नेब्रीखा या पंडिताने १४९२ साली ह्याच गावी प्रसिद्ध केले. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरील कोरीव कामात एका कवटीवर बसलेला बेडूक आहे. जो विद्यार्थी तो कोणी न दाखविता शोधून काढील तो परीक्षेत उत्तीर्ण होतो, अशी तेथील समजूत. परीक्षेच्या आधी देवळाच्या पायरीवर डोके टेकविणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ती समजूत परकी वाटू नये.

आता भाषेविषयी. स्पॅनिश शिकताना आपण इंग्रजीच्या दाराने आत जातो आणि विनाकारण ठेचा खातो. वास्तविक मराठीचे दार अधिक जवळचे आहे. 'मला पाव आवडतो' हे वाक्य घ्या. इंग्रजीत येथे 'मी' कर्ता होतो. स्पॅनिशमध्ये मात्र 'मे गुस्ता एल पान' असे म्हणतात. 'मे' म्हणजे 'मला', आणि क्रियापद चालते ते पावाप्रमाणे. बटाटे अनेक झाले की 'मे गुस्तान लास पातातास', जसे आपण 'आवडतात' म्हणतो तसे. वर्गातील इंग्लंड-अमेरिकेच्या मुलांना ही रचना उलटी वाटे. आम्हांस ती मातृभाषेतच मिळालेली होती. टेबलाला किंवा खिडकीला लिंग कशासाठी, हा प्रश्नही मराठी माणसाला पडत नाही. शब्दांचेही तसेच. पोर्तुगीजांच्या मार्गाने मराठीत आलेले चावी, साबण, पाव, पगार, बादली हे शब्द स्पॅनिशमध्ये चुलत भावंडांसारखे भेटतात. तेथे साबणाला 'खाबोन' म्हणतात, आणि 'पगार' हे तेथे पैसे देण्याचे क्रियापद आहे. तात्पर्य, परभाषेच्या घरी गेल्यावर आम्हांस आपल्याच भाषेची श्रीमंती दिसली.

आमची राहण्याची सोय एका कुटुंबात झाली होती. घरमालकीणबाई आमच्या आईच्या वयाच्या, नित्य चर्चमध्ये जाणाऱ्या होत्या. तेथे दुपारचे जेवण दोन-अडीचला व रात्रीचे नऊनंतर होते. आम्ही शाकाहारी. मांस म्हणजे 'कार्ने' चालत नाही असे सांगूनही डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे पानात येत, कारण पुष्कळांच्या बोलण्यात ते 'कार्ने'त मोडतच नाही. मग आम्ही काय खातो याची यादीच बाईंपुढे ठेवली. मसूर, काबुली चणे, पालक, भात, बटाटे, फळे. त्या हसून म्हणाल्या, हे तर आमच्या उपवासाच्या शुक्रवारचे जेवण! ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतकाळात ते लोक शुक्रवारी मांस वर्ज्य करतात. त्या दिवसापासून घरात मसुराची दोन पातेली चुलीवर चढू लागली, एक त्यांचे व एक आमचे.

याच बाईंनी आम्हांस त्यांना 'तू' म्हणण्यास सांगितले. स्पॅनिशमध्ये आदरार्थी 'उस्तेद' असा शब्द आहे, पण स्पेनमध्ये घरोब्याच्या माणसांत तो फारसा वापरीत नाहीत. वडीलधाऱ्या बाईला 'तू' म्हणण्यास आमची जीभ धजेना. तेव्हा त्यांनी विचारले, तुम्ही आपल्या आईला काय म्हणता? मराठीत आईला 'तू'च म्हणतात! यावर आमच्यापाशी उत्तर उरले नाही, आणि पुढचे सर्व महिने आम्ही त्यांना 'तू' म्हटले.

त्या वर्षीचा वसंत ऋतू आमच्या स्मरणात विशेष राहिला. २२ मार्चला गुढीपाडवा आला. बाईंनी दिलेल्या काठीला आईने बांधून दिलेला खण लावून व वर धातूचा पेला पालथा घालून आम्ही सज्जात गुढी उभारली. कडुनिंब तेवढा मिळाला नाही. त्याच सुमारास ख्रिस्ती लोकांचा व्रतकाळ चालू होता, आणि दुसऱ्याच दिवशी, २३ मार्चला, वर्गातील मोरोक्कोच्या विद्यार्थिनीचा रमजान सुरू झाला. चैत्रातील एकादशीही त्यातच पडली. एका बाकावर तीन धर्मांचे उपवासी बसलेले पाहून शिक्षकांनी त्या दिवशी 'उपवास' हाच संभाषणाचा विषय दिला. आम्ही तिघांनी आपापले नियम मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितले. आपला नियम का पाळतो हे परक्या भाषेत सांगावे लागते, तेव्हा तो आपणास प्रथमच नीट विचारावा लागतो. घरी जे केवळ सवयीने घडत होते, ते तेथे समजून घडू लागले. दुसऱ्या शंकेला आमचे उत्तर एवढेच आहे.

शनिवार-रविवार आम्ही भटकण्यात घालवीत असू. आविलाची तटबंदी पाहिली. सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा तो मध्ययुगीन तट अद्याप अखंड उभा आहे. ह्याच आविला प्रांतात १५१५ साली संत तेरेसा जन्मली. आपल्या संप्रदायात सुधारणा करण्यासाठी तिने गावोगावी मठ स्थापिले, आणि १५८२ साली सालामांकाजवळच्या आल्बा दे तोर्मेस येथे देह ठेवला. स्वयंपाकघरातील कामातही ईश्वर भेटतो, असे ती आपल्या मठभगिनींना समजावीत असे. हे ऐकून आम्ही बाईंना जनाबाईची कथा सांगितली. विठ्ठल तिच्या जात्याला हात लावीत असे, हे ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले की ते जाते अजून आहे काय.

मे महिन्यात आम्ही चौघे सान्तियागोच्या यात्रामार्गावर एक टप्पा चाललो. सेव्हिलकडून उत्तरेस जाणारी जुनी वाट सालामांकावरून जाते. पहाटे निघून पुढच्या गावापर्यंतचे सुमारे पंधरा किलोमीटर आम्ही पायी गेलो. दगडांवर पिवळे बाण रंगविलेले, दोन्ही बाजूंस गव्हाची शेते, आणि भेटेल तो यात्रेकरू 'ब्वेन कामीनो', म्हणजे वाट सुखाची होवो, असे म्हणून पुढे जाई. आपल्या वारीत जो तो एकमेकांस 'माउली' म्हणतो, त्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. सान्तियागोस यात्रेचे प्रमाणपत्र हवे असल्यास तेव्हा पायी जाणाऱ्यास शेवटचे शंभर किलोमीटर तरी चालावे लागत. आमच्या पंधरा किलोमीटरांस अर्थातच ते मिळणार नव्हते. परंतु कोरियाची एक कॅथलिक मुलगी, मोरोक्कोची मुसलमान मैत्रीण, ब्राझीलचा कोणताच धर्म न मानणारा मित्र व आम्ही, असे चौघे एका झाडाखाली बसून पाव व संत्री खात असता, कोणी कोणास आपल्या बाजूस ओढू पाहिले नाही आणि कोणी आपले लपविलेही नाही. ती मैत्री आजही टिकून आहे.

भाषा शिकल्याने धर्म जातो हे भय जुने आहे, पण इतिहास तसे सांगत नाही. इंग्लंडात जन्मलेला थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. त्याचा हेतू त्याच्या धर्माच्या प्रसाराचा होता, हे उघडच आहे. मराठीवर जिवापाड प्रेम करूनही तो स्वधर्मापासून ढळला नाही. मग आपल्या मुलांच्या श्रद्धेवर आपणच कमी विश्वास का ठेवावा?

राहिली पोटाची शंका. स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा असून सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत तिचे स्थान आहे. तिची आंतरराष्ट्रीय मान्यतेची 'देले' ही परीक्षा सहा पायऱ्यांची असून आम्ही चौथी पायरी उत्तीर्ण झालो. आज आम्ही मेक्सिकोशी व्यवहार असणाऱ्या पुण्यातील एका कारखान्यात अनुवादाचे काम करतो, आणि मंडळाच्या कर्जाचे हप्ते ठरल्या तारखेस भरीत आहोत. खजिनदारांच्या वहीत ते आपणास पाहता येतील.

अभियंते व डॉक्टर समाजास हवेतच. त्यांच्या वाट्याचे काढून आम्हांस द्यावे असे आमचे म्हणणे नाही. आमची विनंती इतकीच की निधीच्या नियमावलीतील 'भाषा' हा शब्द खोडू नये. वर्षाकाठी एका विद्यार्थ्याला तरी ही वाट मोकळी राहावी. अर्ज करणाऱ्यांना आम्ही दर रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात विनामूल्य स्पॅनिशचे प्राथमिक पाठ देण्यास तयार आहोत. इच्छुकांनी आपली नावे चिटणीसांकडे नोंदवावीत.