दुःख सांगायचं कुणी?

लेकरू गेलेल्या आईबापांनी आपलं दुःख मोबाइलवरून सांगावं का, असं विचारलं तर बरेच जण नाक मुरडतात. घरातलं दुःख घरातच बरं, म्हणतात. पण आपल्याकडे दुःख घरात कोंडलेलं होतं कधी? बायका जात्यावर बसून ते गात होत्या आणि शेजारणी ऐकत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या अनेक आता ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आहेत, आणि गाणारणीचं नाव-गावही तिथं नोंदलेलं आहे. ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण सांगणारी कोण ते तिच्यामुळे कळतं.

मोबाइलवर नेमकं तेच हरवतं. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्यातल्या एका पाड्यावर जुळी बाळं दगावली. रस्ता नव्हता, आईला डोलीतून न्यावं लागलं. ती दृश्यं राज्यभर फिरली, पण त्यांत आई फक्त दिसते, बोलतात ते इतर. याउलट पुण्यात नोकरी करणारी 26 वर्षांची सनदी लेखापाल जुलै 2024 मध्ये गेली, तेव्हा तिच्या आईनं कामाच्या ताणाबद्दल कंपनीच्या प्रमुखांना स्वतः पत्र लिहिलं. सप्टेंबरात ते समाजमाध्यमांवर पसरलं आणि केंद्रीय कामगार मंत्रालयाला चौकशी हाती घ्यावी लागली. मुंबईत 2015 साली खड्ड्यामुळे मुलगा गमावलेले दादाराव बिल्होरे स्वतः खड्डे बुजवतात. लोकांनाही ते बुजवायला सांगतात, तेही मुलाच्या नावानिशी. दोघांच्याही सांगण्यात हंबरड्यापेक्षा प्रश्न मोठा आहे.

कुणी म्हणेल, पत्र लिहायला शिक्षण लागतं. ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या आईनं काय करावं? आणि डोलीच्या चित्रफितीमुळेच तर ती गोष्ट राज्यभर कळली ना? आक्षेप खरा आहे. पण ओव्या गाणाऱ्या कितीतरी बायांना तरी अक्षरओळख कुठे होती? मोबाइलवर आवाज नोंदवता येतो. तिला तिच्या बोलीत, तिच्या सवडीनं, दोन महिन्यांनी का होईना, बोलू द्यावं. पुढे पाठवण्याआधी तिला ते ऐकवावं. एकदा पसरलेलं परत घेता येत नाही, हे तिला आधी सांगायला हवं. आणि तिनं नको म्हटलं, तर रस्ता मागायला नुसत्या रस्त्याचा फोटो पुरतो. त्यात तिचा चेहरा कशाला हवा?