‘हप्ता’ म्हणजे किती दिवस?

ताई, अक्का, आपा, वहिनी, तुमच्या गटात ज्या नावानं एकमेकींना हाक मारता, त्याच नावानं तुम्हा सगळ्यांना आमचा नमस्कार.

आज बैठकीबद्दल बोलूया. पंचसूत्री तर तुम्हाला पाठच आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब. आमचा गटही या पाचही गोष्टी पाळत होता. तरी आमच्याच एका बहिणीला आमच्याच ठरावामुळे सावकाराच्या दारात जावं लागलं. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

आमचा गट सोलापुरात नव्या पेठेत बसतो. ती सगळ्यांना मधली पडते म्हणून. आम्ही 14 जणी आहोत. कुणी दुकानात कामाला, कुणी शाळेचे गणवेश शिवते, कुणी विड्या वळते. तुम्हाला ठाऊकच आहे, सोलापूर हे एका भाषेचं गाव नाही. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी निघाली. गिरण्या आणि मागांच्या कामासाठी तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं येत राहिली, त्यांच्या घरात तेलुगू. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या घरांत कन्नड. मुसलमान मोहल्ल्यात दखनी. बाजारात सगळ्याच मराठी बोलतात, म्हणून आम्हाला वाटायचं की बैठकीतलंही सगळ्यांना कळतं.

दोन वर्षांपूर्वी परतफेड मागे पडू लागली, म्हणून आम्ही एक ठराव केला. ‘सलग दोन हप्ते थकले तर 50 रुपये दंड आणि सहा महिने नवीन कर्ज नाही.’ सचिवानं ठराव वाचला. विचारलं, “समजलं का?” सगळ्यांनी माना हलवल्या. वहीत लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर’. चौदाही सह्या-अंगठे झाले.

आमच्यातल्या एका आपानं शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं होतं. महिन्याला 1,100 रुपये भरायचे. एका महिन्यात नवऱ्याचं काम बंद होतं, पैसे जमले नाहीत. तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी ती सावकाराकडे गेली आणि महिना शेकडा दहानं 2,000 रुपये उचलले. आमचे 1,100 भरले, उरलेल्यातून रेशन आणलं. आम्ही बैठकीत टाळ्या वाजवल्या, की बघा, अडचणीतही हिनं पैसे भरले.

तीन महिने ती सावकाराला 200 रुपये नुसतं व्याज देत राहिली. चौथ्या महिन्यात आमचेच पैसे कमी पडले, तेव्हा बाजूला बसवून विचारलं. ती म्हणाली, “दो हफ्ते होने को आए थे ना. पुढचं कर्ज बंद झालं असतं तर मुलीची कॉलेजची फी कशी भरली असती?”

आम्ही म्हटलं, “अगं, दोन हप्ते म्हणजे दोन महिने. तुझा तर एकच राहिला होता.”

ती बघतच राहिली. “हफ्ता बोले तो आठ दिन ना?”

मैत्रिणींनो, तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. मराठीत हप्ता म्हणजे कर्जाची ठरलेली रक्कम. दखनीत हफ्ता म्हणजे आठवडा. तिनं तिच्या भाषेतला अर्थ धरला, आम्ही आमच्या. 50 रुपयांचा दंड तिला लागणारही नव्हता, तो चुकवायला तिनं 600 रुपये व्याज भरलं. वही उघडून पाहिली तर सगळं बरोबर होतं. ठराव वाचला होता, तिची सही होती. कागदावर आमची काहीच चूक नव्हती.

मग आम्ही विचारलं, “शंका होती तर विचारलं का नाहीस?” ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, “मी एकदा ‘माझा साडी’ म्हटलं होतं, तेव्हा सगळ्या हसल्या होत्या.” आम्हाला तो दिवस आठवतही नव्हता. आम्ही गमतीनं हसलो होतो, पण तेव्हापासून ती बैठकीत फक्त मान हलवत होती.

मग आणखी एक आठवलं. विड्या वळणाऱ्या आमच्या दोघी अक्का बैठकीत हळू आवाजात तेलुगूत बोलायच्या. आम्हाला वाटायचं, आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय. म्हणून आम्ही बजावलं होतं, “बैठकीत मराठीतच बोला.” खरं तर एक अक्का दुसरीला व्याजाचा हिशोब समजावून सांगत होती. आमच्या बोलण्यानं त्यांचं समजावणं थांबलं, आणि आम्ही म्हणत राहिलो, वा, आता बैठक कशी शांत चालते!

त्यानंतर आम्ही काय बदललं, ते सांगतो.

पहिलं, आपाचं सावकाराचं देणं गटाच्या पैशातून फेडलं आणि ती रक्कम तिच्या नावावर गटाच्या नेहमीच्या व्याजानं लावली. ते तिनंच सांगितलं. म्हणाली, “दया नको, हिशोब ठेवा.”

दुसरं, ‘समजलं का?’ हा प्रश्न आम्ही बंद केला. मराठीत समजलं का म्हणा, तेलुगूत ‘अर्थमैंदा’ म्हणा, कन्नडमध्ये ‘अर्थ आय्ता’ म्हणा, उत्तर एकच येतं, हो. आता आम्ही म्हणतो, “काय ठरलं ते तू सांग.” दर वेळी दुसरीला विचारायचं. ती जिथे अडखळते, तिथे आमचं सांगणं कमी पडलेलं असतं.

तिसरं, पैशाच्या ठरावानंतर पाच मिनिटं मोकळी ठेवतो. ज्यांना जी भाषा सोपी, त्यांनी त्या भाषेत आपसात बोलायचं. मग प्रत्येक भाषेतून एकीनं शंका मांडायची. त्यानंतरच सही किंवा अंगठा. बैठक थोडी लांबते, पण नंतरची भांडणं वाचतात.

चौथं, दोन अर्थ निघतील असे शब्द ठरावात टाळतो. आता आम्ही लिहितो, ‘दर महिन्याच्या 10 तारखेला 1,100 रुपये’. तारीख आणि आकडा सगळ्या भाषांत एकच असतो.

पाचवं, भिंतीवर सगळ्यांच्या सणांचं एकच कॅलेंडर लावलं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत बैठक नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी नाही. रमजानमध्ये संध्याकाळची बैठक दुपारी घेतो. पूर्वी या दिवसांत न आलेल्या बाईला आम्ही गैरहजेरीचा दंड लावायचो, आज त्याची लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, हे शहरातलं झालं, आमच्या गावात सगळे मराठीच. जरा आठवून बघा. गटात विजापूर, कलबुर्गीकडून आलेली सून आहे का? तांड्यावरची गोरमाटी बोलणारी बहीण आहे का? सासूसमोर तोंड न उघडणारी सून तर सगळीकडे असते. तिची भाषा तुमचीच, तरी तिनं नुसती मान हलवली तर तिला पटलंय असं धरून चालू नका.

बँकेचं कर्ज गटाच्या नावावर येतं आणि एकीचं थकलं की ओझं सगळ्यांवर येतं. म्हणून एकीला न कळलेला ठराव हा सगळ्या गटाचाच धोका आहे.

आमची एवढीच विनंती आहे. येत्या बैठकीत वही मिटायच्या आधी, सगळ्यात कमी बोलणाऱ्या बाईला विचारा, “आज काय ठरलं, तू सांग बरं.” ती चुकली तर कुणी हसू नका. थांबा, पुन्हा सांगा. आमची आपा आता ठराव वाचून झाला की स्वतःच हात वर करते आणि विचारते, “तारीख कौनसी?” आणि आम्ही सगळ्या आधी वहीत बघतो, मगच उत्तर देतो.