मांजराचीं नखें आणि घरांतील कोच

दिवाणखान्यांतील कोचाला नवें कापड चढतें, आणि आठवडा लोटण्यापूर्वींच त्याच्या कोपऱ्यांतून दोरे लोंबूं लागतात. गुन्हेगार शोधावा लागत नाहीं. तो त्याच कोचावर अंगाचें वेटोळें करून निजलेला असतो. मग घरांत दोन पक्ष पडतात. मुलें मांजराच्या बाजूचीं, वडील मंडळी कोचाच्या बाजूची. प्रकरण हातघाईवर आलें, म्हणजे एखाद्या सायंकाळीं तें मांजर पोत्यांत घालून दूर कोठें तरी सोडून देण्यांत येतें. वाटींतल्या दुधाला सरावलेल्या प्राण्याला ही शिक्षा पुष्कळदां देहदंडाचीच ठरते. तेव्हां निकाल देण्यापूर्वीं आरोपीची बाजू ऐकून घेणें न्यायाचें होय.

मांजर खोडसाळपणानें ओरबाडतें, हा समज मुळांतच चुकीचा आहे. मांजराचें नख थराथरांनीं वाढतें. बाहेरचा जुना थर सैल झाला, कीं तो ओरबाडून टाकावा लागतो, आणि आंतलें तीक्ष्ण नख मोकळें होतें. कोचाखालीं झाडतांना चंद्रकोरीसारखीं पोकळ टरफलें सांपडतात, तीं हींच. दुसरें कारण आळस देण्याचें. झोपेंतून उठतांच पुढचे पंजे उंच रोवून मांजर पाठ व खांदे ताणून घेतें. तिसरें कारण विशेष महत्त्वाचें. त्याच्या पंजांत गंधग्रंथी असतात. त्यामुळें प्रत्येक ओरखडा ही डोळ्यांना दिसणारी व नाकाला कळणारी खूण होते. मांजराच्या लेखीं ती दारावरची पाटीच होय. म्हणूनच घरांतील माणसें जेथें उठतात-बसतात, तेथील वस्तूंवर ती हमखास आढळते.

हें ध्यानांत घेतलें, म्हणजे मारझोड निष्फळ कां ठरते, हें उघड होतें. चापट खाल्लेलें मांजर ओरबाडणें सोडत नाहीं. तें माणसाला भिऊं लागतें, आणि आपलें काम त्याच्या पाठीमागें उरकतें. शिवाय भीति वाढली, कीं खुणाही वाढण्याचा संभव असतो.

खरा उपाय म्हणजे मांजराला त्याच्या हक्काची जागा देणें. सुमारें ३ फूट उंचीचा लाकडी खांब जड फळीवर पक्का बसवावा, व त्याला काथ्याची किंवा सुतळीची दोरी घट्ट गुंडाळावी. एकदां डुगडुगलेल्या खांबाकडे मांजर सहसा पुन्हां फिरकत नाहीं. पुष्कळ घरांत असा खांब मागल्या पडवींत ठेवला जातो, आणि मग तो वायां गेला अशी तक्रार होते. तो ठेवावा कोचाच्या त्याच फाटक्या कोपऱ्याशीं. कोचावर चिकट पट्टी किंवा गुळगुळीत कापड लावावें, म्हणजे तेथें नखें रुतण्याचें सुख उरत नाहीं. मांजरानें खांब वापरला, कीं लगेच मासळीचा एखादा तुकडा द्यावा. संवय जडल्यावर खांब रोज थोडथोडा बाजूला सरकवितां येतो. सतरंजी ओरबाडणाऱ्या मांजराला मात्र उभा खांब रुचेलच असें नाहीं. त्याला जाड गोणपाट जमिनीवरच अंथरून द्यावें.

दोन-तीन आठवड्यांनीं नखांचीं टोकें कापावीं. पण केवळ टोकेंच. आंतल्या गुलाबी भागांत रक्तवाहिनी व मज्जातंतु असतात. तेथें कातरी लागली, तर मांजर पुन्हां पंजा हातीं देणार नाहीं.

नखें कायमचीं काढून टाकण्याची शस्त्रक्रिया कोणी सुचविल्यास तिचें खरें स्वरूप ओळखावें. तींत केवळ नख जात नाहीं. बोटाचें शेवटलें हाडच छाटलें जातें. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं, वैद्यकीय कारणावांचून ती करण्यास बंदी घातली. आणि पोत्याचा मार्ग? उपासमार होईल अशा स्थितींत प्राण्याला विनाकारण सोडून देणें, हा भारतांत १९६० सालच्या कायद्यानें गुन्हा आहे.

कोचाचें कापड पुन्हां शिवतां येतें. घराच्या भरंवशावर निजलेल्या जिवाचा विश्वास एकदां उसवला, तर तो शिवणारा शिंपी मिळणें कठीण.